मोठीचा घास

सुंदरबाईला कोणी विचारलं असतं की तुमच्या घरात राहतं कोण कोण, तर तिने तीन नावं सांगितली असती आणि चौथं गिळलं असतं. एक ती स्वतः, दुसरी सून रत्ना, तिसरा मुलगा ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर जळगावला कामाला होता, पिंप्राळ्यात खोली करून राहायचा आणि शनिवारी सोनगीरच्या फाट्यावर उतरून घरी यायचा. चौथी होती मोठी. मोठी मरून नव्वदच्या वर वर्षं झाली होती, पण घर सोडून गेली नव्हती.

मोठी म्हणजे सुंदरबाईच्या आजेसासऱ्याची पहिली बायको. पहिलटकरीण होती. सरकी ठेवायच्या खोलीत झोपायची, तिथेच पोटातल्या बाळासकट गेली. पुढे जुनं घर पाडलं, स्लॅबचं नवं बांधलं, पण मागच्या अंगणात त्या खोलीची एक मातीची भिंत तेवढी राखली आणि तिच्यावर पत्रा घातला. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात शेंदूर फासलेला गोटा. गावातल्या पुरुषांना वाटायचं, बायका तिथे दिवा लावतात आणि येतात. पुरुषांना काय, दिव्याच्या पलीकडचं कधी दिसलंय?

बायका तिथे घास घ्यायच्या. घरातल्या सुनेला दिवस गेले की रोज सकाळी चहाच्याही आधी तिने भिंतीपुढे उभं राहायचं. सासूने नखाने भिंत खरवडायची आणि चिमूटभर माती तिच्या जिभेवर ठेवायची. मोठीचं स्वतःचं मूल गेलं, म्हणून ती दुसरीच्या पोटावर डोळा ठेवते. तिच्या भिंतीचा घास घेतला की ती पोटाला आपलं मानते आणि हात लावत नाही. बाळंतपण होईपर्यंत घास चुकवायचा नाही. पहिल्या खेपेला माहेरीसुद्धा जायचं नाही. आणि हे पुरुषाच्या कानावर घालायचं नाही. भिंतीला पांढरा लोणा धरलेला असायचा, माती खारट लागायची. खरं सांगायचं तर पोटुशी बायकांना ती आवडायचीही.

सुंदरबाईने तीन बाळंतपणं त्या भिंतीपुढे काढली. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी निळं पडलं. तिसऱ्या खेपेला तिला इतक्या ओकाऱ्या व्हायच्या की घास जिभेवर पडताच पोटातलं सगळं वर यायचं. सासूला कळलं तर खैर नव्हती. म्हणून ती तोंड मिटून न्हाणीपर्यंत जायची, माती थुंकायची, चूळ भरायची आणि पदराने तोंड पुसत परत यायची. नऊ महिने तिने मोठीला फसवलं. ज्ञानेश्वर झाला, तोही चांगला रडत, लाथा झाडत. सगळ्यांनी मोठीपुढे नारळ फोडला. सुंदरबाई मात्र त्या दिवसापासून मनातून भ्यालेली होती. तिला वाटायचं, मोठीला सगळं ठाऊक आहे आणि ती कधीतरी याचा हिशोब मागणार.

मागच्या वैशाखात मोठीने तो मागितला, असं सुंदरबाईने धरलं. रत्नाला आठवा महिना होता. एका सकाळी ती म्हणाली, "आई, कालपासून हालत नाही." धुळ्याला नेलं तेव्हा आत जीव उरला नव्हता. मुलगा होता, पूर्ण नाकडोळे आलेला. ज्ञानेश्वर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला आणि सुंदरबाई मनात एकच घोकत होती: हे माझ्यामुळे. तेव्हा मी थुंकलं, त्याचं हे.

चार महिन्यांत रत्नाला पुन्हा दिवस गेले. आता सुंदरबाईने एकही सकाळ चुकू दिली नाही. ताप असो, पाहुणे असोत, घास म्हणजे घास. "खाई ले बेटा," ती म्हणायची, "मोठीना घास शे." रत्ना पाचोऱ्याची, बारावी शिकलेली, मोबाईलवर बाळाच्या वाढीचे व्हिडिओ बघणारी. पण एक मूल मातीत गेलेल्या बाईला कोणी काहीही खायला सांगावं, ती खाते. ती डोळे मिटून जीभ पुढे करायची.

संक्रांत झाली आणि उपकेंद्राची सिस्टर हेमलता घरी आली. सातपुड्याच्या पायथ्याची मुलगी, बोलायला मोकळी, कामाला खडूस. धुळ्याच्या डॉक्टरांचा अभ्यास चालला होता. गावोगावच्या गरोदर बायकांच्या पायाच्या अंगठ्याची नखं आणि लघवीची बाटली गोळा करायची होती.

"नखं कशाला गं?" सुंदरबाईने विचारलं.

"अक्का, बाईच्या अंगात दोन द्रव्यं किती जातात ते बघायचंय. एक हवासा, सेलेनियम. एक नकोसा, आर्सेनिक. आपल्याकडे जुनी माणसं सोमल म्हणतात." हेमलता ओट्यावर मांडी घालून बसली. "सोमल पोटात गेला की काळीज, म्हणजे लिव्हर, त्याचं रूप बदलतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. गरोदर बाईचं लिव्हर तर हे काम महिन्यागणिक जास्त झपाट्याने करतं. आत कोणी आहे हे त्याला समजतं की काय, देव जाणे. पण सगळा बाहेर जात नाही. थोडा वारेतून बाळाकडे उतरतो, वार त्याला अडवत नाही. सेलेनियम असलं तर ते सोमलाला धरून बाहेर नेतं. पण बाळालाही सेलेनियम लागतं, ते आईचंच ओढून घेतं, मग आईला पुरत नाही."

"आणि नख?"

"लघवी दोन-तीन दिवसांचं सांगते. नख जुनं सांगतं. अंगठ्याचं नख सावकाश वाढतं, टोकाला असतं ते आठ-दहा महिन्यांमागचं. त्या वेळी जे पोटात गेलं ते त्यात अडकून बसतं."

रत्नाने बाटली आणून दिली. नखांची छोटी पिशवी सुंदरबाईने मागून घेतली. म्हणाली, तिला वाकता येत नाही, मी कापून ठेवते, उद्या ने. तोवर तिच्या अंगावर काटा आलेला होता. गरोदर बाईचं नख बाहेरच्याच्या हातात? नखावर, केसावर काय काय करतात लोक, ते तिने लहानपणापासून ऐकलेलं. हेमलता भली असेल, पण ती पिशवी पुढे किती हातांतून जाणार, कोणाला ठाऊक?

दुपारी तिने रत्नाचा पाय मांडीवर घेतला. रत्ना लाजून पाय ओढायला लागली, "आई, तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू."

"गप बस," सुंदरबाई म्हणाली आणि दोन्ही अंगठ्यांची नखं जपून कापली. ती तिने चिंधीत बांधली आणि कोनाड्यात, गोट्याच्या मागे, मोठीच्या ताब्यात देऊन टाकली. मग भिंतीकडे पाठ करून आपल्याच अंगठ्यांची नखं कापली आणि रत्नाचं नाव लिहिलेल्या पिशवीत भरली. नख ते नख, तिने स्वतःला सांगितलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

होळीच्या सुमाराला हेमलता रिपोर्ट घेऊन आली. कपाळाला आठ्या होत्या.

"अक्का, काही मेळ लागत नाही. हिच्या लघवीत सोमल आहे, चांगला आहे. आणि नख अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, नख स्वच्छ म्हणजे जुनं काही नाही, दोन दिवसांत खाल्लेलं काहीतरी असेल. सुकट, बोंबील खाल्लंत का?"

रत्ना म्हणाली, "हो. बाजारातून आणलं होतं."

"मासळीनेही लघवीत आकडा वाढतो, पण तो त्रासाचा नसतो. सध्या बंद ठेव, मग पुन्हा तपासू. जिवावर येतं सांगायला, कारण त्या मासळीतच सेलेनियम चांगलं असतं."

सुंदरबाई चुलीपुढे बसून ऐकत होती. नख स्वच्छ, हे तिने ऐकलं आणि तिला हायसं वाटलं. कोणाचं नख, हा विचार तिने मनात येऊच दिला नाही. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, बघा.

मासळी बंद झाली. घास चालू राहिला. आणि रत्नाच्या तळव्यांवर कण आले, बाजरीच्या दाण्याएवढे टणक. पायाला मुंग्या येत. "आई, हे काय?" तिने हात पुढे केले.

सुंदरबाईने आपले तळवे तिच्या हातांशेजारी धरले. तिच्या तळव्यांवरही तसे कण होते, पस्तीस वर्षांपूर्वीचे, अजून न गेलेले. "मोठीचे मणी," ती म्हणाली. "माझी सासू म्हणायची, मोठीने आपलं मानलं की हातावर मणी देते."

रत्नाने मान हलवली. पण त्या दुपारी दोघींचे चार तळवे सुंदरबाईच्या डोळ्यांपुढून हलेनात. मोठीने मला मणी दिले, आणि मुलं नेली. हिला मणी दिले, आणि मूल नेलं. हे कसलं आपलं मानणं? हा प्रश्न तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पडला, आणि पडला तो भिंतीपुढे उभी असतानाच. तिला वाटलं, मागून कोणीतरी थंड हात तिच्या मानेवर ठेवला. वळून बघितलं तर कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उखर्डू आबा आला. आबा म्हणजे चुलत सासरा, चौऱ्याऐंशी वर्षांचा, कानाने पक्का, दाताने कच्चा. गल्लीच्या तोंडाशी वेगळा राहायचा, चहाला यायचा. नव्या घराच्या चौकटीला वाळवी लागली होती, ज्ञानेश्वर ती खरवडत बसला होता. रविवार होता.

"दहा वर्षं नाही झाली चौकटीला," ज्ञानेश्वर म्हणाला, "आणि मागच्या भिंतीतली लाकडं शंभर वर्षांची, त्यांना काही नाही."

"मोठीचं सत आहे ते," सुंदरबाई कप पुढे ठेवत म्हणाली. घरात पहिल्यापासून हेच म्हणत आले होते. उंदीरसुद्धा त्या भिंतीला बीळ पाडत नाही, त्याचंही हेच कारण सांगायचे.

आबा बोळक्या तोंडाने हसला. "कसलं सत? त्या भितले वाळवी कशी लागी? सोमल शे तिन्हामा. सरकी ठेवानी व्हती ना, म्हणीसन मन्हा बापनी मातीमा सोमल कालवा. खूप कालवा. आम्हले तठे खेळू द्यायना नही."

सुंदरबाईच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या आधीची भावंडं..."

"तीन. बठ्ठी मरनी." आबाने बशीत चहा ओतला. "म्हणूनच तर माझं नाव उखर्डू. उकिरड्यावर टाकलेलं पोर, मरणाला नको वाटावं म्हणून. पण खरं म्हणशील तर माय तेव्हा सासूशी भांडली आणि पहिल्या महिन्यापासून पाचोऱ्याला माहेरी जाऊन राहिली. मन्ही माय माहेरमा ऱ्हायनी, म्हणीसन मी वाचनू. मी झालो तरी बायका म्हणाल्या, मोठी पावली."

आबा फुर्र करून चहा प्यायला लागला. त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. भिंतीत काय आहे ते पुरुषांना माहीत होतं. भिंतीचं काय करतात ते बायकांना माहीत होतं. दोघांनी आपापलं नीट झाकून ठेवलं, आणि मधल्या मध्ये पोरं गेली.

सुंदरबाई मागच्या अंगणात गेली. कोनाड्यातून चिंधी काढली. तिला आठवलं, हेमलता काय म्हणाली होती. टोकाला असतं ते आठ-दहा महिन्यांमागचं. संक्रांतीला कापलेली नखं. म्हणजे त्या टोकात ते दिवस होते, जेव्हा पहिला मुलगा पोटात होता. तो तिच्या मुठीत होता आणि ती त्याला लपवून बसली होती.

आता तोंड उघडायचं तर सगळंच उघडं पडणार होतं. सून तोंड बघणार नाही. मुलगा काय म्हणेल ते म्हणेल. आणि न उघडावं तर पोटातलं सात महिन्यांचं. खरं तर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी ती भिंतीपुढेच उभी राहिली. मोठी भिंतीतून बघत होती, आणि सुंदरबाईला पहिल्यांदाच वाटलं की ती रागाने बघत नाहीये. तिनेही ही माती खाल्ली असेल. खारट लागते म्हणून. तिलाही कोणी सांगितलं नसेल. सुंदरबाई त्या भिंतीपुढे मटकन बसली आणि मोठीसाठी रडली.

मग ती उठून रत्नाकडे गेली. ज्ञानेश्वर तिथेच होता, तरी थांबली नाही. अंगणात उभं राहून तिने सगळं सांगितलं. घास, सोमल, नखं.

"तुझ्या पहिल्या बाळाला मोठीने नाही नेलं, रत्ना. ते माझ्या हाताने गेलं. रोज सकाळी मी घातलं. आणि पिशवीत तुझं नख नव्हतं, माझं होतं."

ज्ञानेश्वरच्या हातातलं खुरपं खाली पडलं. रत्ना खाटेवर बसली, पोटावर दोन्ही हात ठेवून. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तुम्ही दुपारी पडलात ना आई, की मी अजून एक घास घेत होते. रोज. पहिलं गेलं ना, म्हणून. वाटलं, एक कमी पडला असेल."

सुंदरबाईने तोंडावर पदर दाबला.

त्याच दुपारी तिघं हेमलताकडे गेली. चिंधी टेबलावर ठेवताना सुंदरबाईने मान वर केली नाही. हेमलता आधी चिडली, खूप चिडली. "अक्का, एवढं एक खरं नख दिलं असतं तर होळीलाच कळलं असतं." मग तिने सुंदरबाईचे तळवे उलटे करून बघितले, ते कण बघितले. आणि धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

रत्ना दोन दिवसांत पाचोऱ्याला गेली. जाताना हेमलताने सांगितलं, माती बंद झाली की शरीर आपलं काम करतं, या महिन्यांत तर जोरात करतं. अंडी खा, मासळी खा, डॉक्टर बोलावतील तेव्हा जा. बाळ कसं असेल, हे मात्र तिने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. भिंत फोडू नका, धूळ उडेल, असंही म्हणाली. धुळ्याहून माणसं आली, माती घेऊन गेली, भिंतीला जाड प्लॅस्टिक आणि वरून पत्रे ठोकून गेली. पुढे त्या चिंधीतल्या नखांचा रिपोर्ट आला. हेमलताने आकडा वाचला. सुंदरबाई म्हणाली, "नको सांगू," आणि हेमलताने कागद घडी करून ठेवला.

रत्ना परत येईपर्यंतचे चार महिने सुंदरबाईने कसे काढले, तिचं तिला माहीत. सकाळी उठली की पाय मागच्या अंगणाकडे वळायचे आणि उजव्या हाताचं नख आपोआप पुढे व्हायचं. ती तो हात पदरात गुंडाळून परत यायची. पाचोऱ्याहून फोन यायचा तो ज्ञानेश्वरला. तिच्याशी रत्ना एकदाही बोलली नाही, आणि सुंदरबाईनेही फोन मागितला नाही.

ज्येष्ठात मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी, पण रडत आली. डॉक्टर म्हणाले, आत्ता ठीक आहे, पुढे लक्ष ठेवायचं. सुंदरबाईने ते ऐकलं आणि मोठीपुढे नारळ नेला नाही. नुसती पत्र्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुलगी झाली." सांगायला हवं होतं तिला.

श्रावणात, कानबाईच्या सणाआधी, रत्ना बाळाला घेऊन आली. रिक्षा दारात थांबली. सुंदरबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने दोघींवरून तुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि बाजूला झाली. हात मात्र पुढे केले नाहीत. आपल्याला मागायचा अधिकार नाही, हे तिने स्वतःला चार महिने बजावलं होतं.

रत्ना उंबऱ्यातच थांबली. सासूच्या हातांकडे बघत राहिली. तळवे, नखं, तळव्यांवरचे कण.

"आई, हात धुतले का?"

सुंदरबाईने सकाळपासून तीनदा धुतले होते. साबण लावून, नखांत काडी घालून. पण तिने मान हलवून नाही म्हटलं.

रत्नाने बाळ डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने तिच्याकडचा तांब्या घेतला आणि अंगणाच्या कडेला जाऊन सासूच्या हातांवर पाणी घालायला लागली. तांब्या रिकामा होईपर्यंत घातलं. मग म्हणाली, "घ्या."